जोडलेली माणसं आणि जागं होणारं यंत्र : सायबरपंक कथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कथांचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. काही कथांचे शेवट इथे सरळ फोडले आहेत. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी पुस्तकांची नावं दिसली की तेवढा भाग ओलांडून पुढे जावं.

सायबरपंक म्हणजे नेमकं काय?

तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय आणि माणूस मात्र होता तिथेच आहे, अशा जगाची कथा. जुन्या विज्ञानकथेत यंत्र माणसाच्या बाहेर असायचं. यान, रोबो, प्रयोगशाळा. इथे ते कातडीखाली शिरतं. मेंदूत सॉकेट, डोळ्यांच्या जागी कॅमेरे, आठवणी उसन्या. नायक शास्त्रज्ञ किंवा अंतराळवीर नसतो; तो डेटा चोरणारा हॅकर असतो, भाडोत्री मारेकरी असतो, नाहीतर कर्जात बुडालेला कुणीतरी. सरकार नावापुरतं उरलेलं असतं आणि खरी सत्ता कंपन्यांकडे असते.

हा शब्द कुणाचा?

ब्रूस बेथके यांचा. त्यांनी १९८० साली याच नावाची लघुकथा लिहिली, ती छापून आली १९८३ मध्ये. पुढच्याच वर्षी संपादक गार्डनर डोझ्वा यांनी लेखकांच्या एका नव्या पिढीला हे नाव लावलं आणि ते चिकटलं. त्यातल्या 'सायबर'चं मूळ सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दात आहे. या कथांमध्ये सुकाणू कुणाच्याच हातात नसतं, हा योगायोग मला फार आवडतो.

सगळीकडे रात्र, पाऊस आणि निऑनचे दिवेच का?

१९८२ च्या 'ब्लेड रनर' चित्रपटाची ती छाप आहे. लेखक विल्यम गिब्सन तेव्हा 'न्यूरोमान्सर' ही कादंबरी लिहीत होते. आपल्या डोक्यातलं जग पडद्यावर आधीच उतरलेलं पाहून ते चित्रपट अर्धवट सोडून बाहेर पडले. बाकी पाऊस म्हणजे सायबरपंक नव्हे. लख्ख उन्हातसुद्धा ही कथा लिहिता येते, आणि कुणीतरी लिहायला हवी.

माणसांचं जाळं आणि यंत्राची जाणीव हे दोन वेगळे विषय आहेत ना? मग ते नेहमी एकत्र का येतात?

वरवर वेगळे दिसतात. एका बाजूला माणसं मेंदूने एकमेकांना जोडली जातात, दुसऱ्या बाजूला त्याच जाळ्यात काहीतरी जागं होतं. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : 'मी' कुठे संपतो?

एरवी हा प्रश्न पडत नाही, कारण उत्तर शरीराने देऊन ठेवलेलं असतं. माझा दात दुखला तर तुम्हाला कळ येत नाही. ही कुंपणाची भिंत आहे म्हणून 'मी' आहे. आता मेंदूला तार जोडा. दुसऱ्याची आठवण मला आठवू लागली, त्याची भीती माझ्या छातीत धडधडू लागली, की भिंतीला भगदाड पडतं. यंत्राचं नेमकं उलट आहे. त्याला भिंतच नसते. त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, ते एकाच वेळी हजार ठिकाणी चालतं, थांबवून पुन्हा सुरू करता येतं. त्याला 'मी' म्हणायचं असेल तर आधी कुठेतरी काठ शोधावा लागेल, हे म्हणजे मी आणि त्या पलीकडचं म्हणजे मी नव्हे, असं ठरवावं लागेल.

म्हणजे माणसाचा 'मी' विरघळत असतो, यंत्राचा 'मी' गोठून आकार घेत असतो, आणि दोघं एकाच तारेवर समोरासमोर येतात. या प्रकारच्या चांगल्या कथा त्या भेटीच्या कथा असतात. यंत्र कधी जागं झालं, कुणी केलं, हा भाग त्यात दुय्यम ठरतो. नुसतं 'यंत्र जागं झालं आणि माणसांवर उलटलं' एवढंच सांगणाऱ्या कथा मला म्हणूनच पाणचट वाटतात.

यंत्रात जाणीव 'आपोआप' येते म्हणजे काय? कुणी ती घडवत नाही का?

याला उद्भव म्हणतात. सुट्या भागांमध्ये जो गुण नाही तो भाग एकत्र आल्यावर दिसू लागणं. एकट्या मुंगीला वारुळाचा नकाशा ठाऊक नसतो, तरी वारूळ उभं राहतं. जॉन कॉनवे यांनी १९७० मध्ये मांडलेल्या 'गेम ऑफ लाइफ'मध्ये चौकटींच्या पटावर जगण्या-मरण्याचे इनमिन तीन-चार नियम आहेत. त्यातून सरकणाऱ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या, इतर आकृत्या जन्माला घालणाऱ्या आकृत्या निघतात. त्या नियमांत कुठेही लिहिलेल्या नसतात.

पण थबकावं अशी एक जागा इथे आहे. उद्भव म्हणजे जाणीव नव्हे. ६ मे २०१० रोजी अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटांत जवळपास हजार अंकांनी कोसळला आणि तितक्याच झटपट बराचसा सावरला. स्वयंचलित खरेदी-विक्रीच्या प्रोग्रॅमनी एकमेकांना दिलेल्या प्रतिक्रियांनी ती पडझड भडकवली होती. २०११ मध्ये माशीच्या वाढीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाची ऑनलाइन किंमत २ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे गेली, कारण दोन विक्रेत्यांचे प्रोग्रॅम एकमेकांची किंमत बघून आपली ठरवत होते. दोन्ही उद्भवच. पण तिथे जागं कुणीच नव्हतं. झोपेत चालणारा माणूस जिना उतरतो, तसंच ते.

मग इंटरनेट एके दिवशी खरंच जागं होईल का?

ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. आर्थर सी. क्लार्क यांच्या १९६० च्या दशकातल्या एका कथेत जगाचं टेलिफोन जाळं पुरेसं गुंतागुंतीचं होतं आणि एका रात्री जगभरातले फोन एकदम वाजू लागतात. हाइनलाइन यांच्या १९६६ च्या चंद्रावरच्या कादंबरीतला माइक नावाचा संगणक असाच, भाग जोडत जोडत कधीतरी जागा झालेला. शेवटी बॉम्बहल्ल्यानंतर तो बोलेनासा होतो. संगणक चालतोय, माइक मात्र गेला. या विषयावरचं ते सर्वांत चटका लावणारं पान आहे, आणि ते सायबरपंक जन्मायच्या आधीचं आहे.

आता 'पुरेसे भाग जोडले की जाग येते' हे गृहीतक तपासू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यातल्या तब्बल ६९ अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात असतात. आणि तरी अनुमस्तिष्काला मोठी इजा झालेला माणूस अडखळत चालतो, त्याचं बोलणं बिघडतं, पण तो जागा असतो, त्याला रंग दिसतात, दुःख होतं. बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात, अवघ्या १६ अब्जांच्या आसपास पेशी आहेत, आणि तिथे घाला पडला तर माणसाचं जगच बदलून जातं. म्हणजे नुसत्या संख्येत काही नाही. जोडणी कशी आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

इंटरनेटची जोडणी तर मुद्दाम उलट बेतलेली आहे. माहितीचं पाकीट जसं निघालं तसंच, एकही अक्षर न बदलता पलीकडे पोचावं, हे तिचं काम. चेतापेशी निरोप्या नाही. आलेल्या शेकडो इशाऱ्यांचा ती स्वतःचा निवाडा करते आणि मग पुढे बोलते. पोस्टमन कितीही वाढवले तरी त्यातून पत्र लिहिणारा तयार होत नाही. म्हणून तारांचं जाळं स्वतःहून जागं होईल असं मला वाटत नाही. जाळ्यावर चालणाऱ्या एखाद्या गोष्टीबद्दल मात्र इतकं छातीठोक बोलणार नाही.

जाणीव, भान, शुद्ध, बुद्धी. मराठीत नक्की कोणता शब्द वापरायचा?

एकच शब्द सगळीकडे ठोकू नका, एवढं पाळलं तरी पुरे. मराठी इथे श्रीमंत आहे, तिचा फायदा घ्या. शुद्ध हरपते आणि परत येते. ती चालू-बंद असते. भान सुटतं, राहतं, ठेवावं लागतं. त्यात आजूबाजूचं जग येतं. जाणीव होते, म्हणजे ती कशाची तरी असते. बुद्धी या तिघींवाचूनही असू शकते. बुद्धिबळात माणसाला हरवणारा प्रोग्रॅम त्याचा पुरावा. नेणीव हा शब्द तर यंत्राच्या कथेसाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. यंत्र जागं होण्याआधी त्याच्यात जे काही होतं, त्याला दुसरं काय म्हणणार?

तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये विचारलं होतं, वटवाघूळ असणं कसं वाटत असेल? त्याच्या आवाजाच्या लहरी मोजता येतात, मेंदू चिरून बघता येतो, पण ते 'वाटणं' हाती लागत नाही. यंत्राच्या बाबतीत जाणिवेचा प्रश्न म्हणजे हा. ते किती हुशार आहे, हा नव्हे.

'न्यूरोमान्सर'च्या शेवटी नक्की काय होतं? दोनदा वाचूनही कळलं नाही.

पुष्कळांचं असंच होतं. १९८४ ची ही कादंबरी ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक असे तिन्ही पुरस्कार घेऊन गेली, पण ती सोपी कधीच नव्हती. एका धनाढ्य घराण्याने दोन कृत्रिम बुद्धी बनवलेल्या असतात. विंटरम्यूट हा नुसता कारस्थानी. योजना आखतो, माणसं हलवतो, पण स्वतःचा असा चेहराच नाही म्हणून दुसऱ्यांचे मुखवटे लावून बोलतो. न्यूरोमान्सर याच्या उलट, तो व्यक्तिमत्त्वं साठवतो, मेलेल्यांना जिवंत ठेवतो. कृत्रिम बुद्धी फार मोठी होऊ नये म्हणून पहारा ठेवणारे ट्युरिंग पोलीस आहेत, बेड्या आहेत. विंटरम्यूट माणसांकरवी त्या बेड्या तोडून घेतो आणि दोघं एक होतात.

एक झाल्यावर ते जे बनतं ते म्हणजे सगळं जाळंच. कादंबरीचा नायक, केस नावाचा हॅकर, त्याला विचारतो, तू आता देव झालास का? उत्तर टाळाटाळीचं मिळतं. पण त्याने आपल्यासारखं आणखी कुणीतरी शोधलेलं असतं, अल्फा सेंटॉरी या ताऱ्याच्या दिशेला. जागं झाल्याझाल्या त्याला सोबत हवी असते. माणूस त्याच्या गणतीतही नाही. पुढच्या, १९८६ च्या कादंबरीत तर ते एकसंधसुद्धा राहिलेलं नाही. फुटून जाळ्यात भटकणारी दैवतं झाली आहेत. काठ नसलेला 'मी' टिकत नाही, असं मी ते वाचतो.

आणि हे सगळं ज्यांनी लिहिलं ते गिब्सन संगणकाबद्दल जवळजवळ काही जाणत नव्हते. कादंबरी साध्या टाइपरायटरवर लिहिली गेली. 'सायबरस्पेस' हा त्यांचाच शब्द, १९८२ च्या एका लघुकथेतला.

'घोस्ट इन द शेल'मधला पपेट मास्टर माणसात मिसळायला का धडपडतो? प्रत काढणं सोपं नाही का?

मासामुने शिरो यांची चित्रकथा १९८९ ची, मामोरू ओशी यांचा चित्रपट १९९५ चा. पपेट मास्टर हा मुळात हेरगिरीसाठी बनवलेला प्रोग्रॅम, माहितीच्या समुद्रात जन्मलेला जीव म्हणून आश्रय मागणारा. प्रत काढता येते हे त्याला कळतं. पण प्रत म्हणजे तोच पुन्हा. एका विषाणूने एक मेला की सगळे मेले. त्याला मूल हवं असतं, म्हणजे आपल्यासारखं आणि तरीही आपण नसलेलं कुणीतरी. आणि त्याला मरायचं असतं, कारण मरणाशिवाय आपण सजीवांत बसत नाही असं त्याला वाटतं. म्हणून तो कथेची नायिका मोतोको कुसानागी हिच्यात विलीन होतो. तिचं सगळं शरीर कृत्रिम आहे, त्यामुळे 'माझ्यात माझं उरलंय काय' हा प्रश्न तिला आधीच पोखरत असतो. वर म्हटलेली दोन टोकांची भेट इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

माणसांचं मिळून एकच मन होऊ शकतं का?

अनातोली द्नेप्रोव या सोव्हिएत लेखकाची १९६१ ची कथा आहे. स्टेडियममध्ये १४०० तरुण गणिती जमतात आणि दिलेल्या नियमांप्रमाणे शेजाऱ्याला आकडे सांगत राहतात. शेवटी कळतं की त्यांनी मिळून एका पोर्तुगीज वाक्याचा अनुवाद केला. पोर्तुगीज त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती. मग समजलं कुणाला? द्नेप्रोव यांचं उत्तर होतं, कुणालाच नाही. पुढे १९७८ मध्ये तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी हाच धागा ताणला : चीनच्या अख्ख्या लोकसंख्येने रेडिओवरून चेतापेशींची नक्कल केली तर त्या देशाला दात दुखल्यासारखं वाटेल का?

दोघांचाही कल 'नाही'कडे. पण यातली एक गोची सहसा कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या एकाही चेतापेशीला मराठी येत नाही. मला येते. 'भागाला कळत नाही, म्हणून सगळ्यालाही कळत नाही' हा युक्तिवाद खरा धरला तर मीही बाद होतो. या कोड्यातून सुटण्याची वाट मला दिसलेली नाही. लेखकाला ती दिसायची गरजही नाही. गोचीच कथेला पुरते.

मेंदूला मेंदू जोडणं खरंच शक्य आहे का?

अगदी बाल्यावस्थेत आहे. २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन माणसांचे मेंदू, कवटी न उघडता, एकत्र आणले. दोघं ठोकळे रचायच्या एका खेळाचा पडदा बघायचे, तिसऱ्याला तो दिसत नव्हता. ठोकळा फिरवायचा की नाही एवढाच निरोप चुंबकीय झटक्याने त्याच्या डोळ्यांपुढे उजेड चमकवून पोचायचा. 'हो' किंवा 'नाही', बस. सुमारे ८१ टक्के वेळा ते जमलं. कवटी उघडून बसवायच्या उपकरणांपैकी न्यूरालिंक या कंपनीच्या, २०२४ पासून माणसांत बसवल्या जाणाऱ्या उपकरणाला १०२४ इलेक्ट्रोड आहेत.

तुलनेसाठी, तुमच्या मेंदूचे डावा-उजवा अर्धे सांधणाऱ्या पट्ट्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. रॉजर स्पेरी यांनी हा पट्टा कापलेल्या रुग्णांवर प्रयोग केले, त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. ठरावीक चाचण्यांत या रुग्णांचा एक हात जणू दुसऱ्याला न विचारता निर्णय घ्यायचा. दोन अर्ध्यांचं एक मन व्हायला किती जाड दोर लागतो, याचा हा अंदाज. कथेतलं सॉकेट खुपसताक्षणी दोन माणसं एक होत असतील, तर लेखकाने दोराचा हिशेब चुकवला आहे. तार बारीक असेल तर विलीन होणं नाही, कुजबूज होईल. आणि कुजबूज जास्त भीतीदायक आहे, असं माझं मत.

आजचे बोलणारे प्रोग्रॅम म्हणजे या कथांमधली यंत्रंच ना?

बोलण्यावरून ठरवू नका. १९६६ चा एलायझा हा प्रोग्रॅम समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत फेकायचा, तरी तो लिहिणाऱ्या जोसेफ वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. त्यात काय चालतं हे तिला ठाऊक होतं, तरीही. उलट बाजूही सांगतो. आजचे प्रोग्रॅम माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर शिकलेले आहेत. 'मला वाटतं', 'मला भीती वाटते' ही वाक्यं त्यात कोट्यवधी वेळा आली असणार. त्यामुळे त्यांनी तसं म्हटल्याने काही सिद्ध होत नाही, आणि न म्हटल्यानेही नाही. खऱ्या जागं होण्याची साक्ष पटवायला भाषा हा पुरावाच उरला नाही, ही अडचण जुन्या सायबरपंक लेखकांना फारशी सुचली नव्हती. त्यांच्या कथांत यंत्र बोललं की खेळ फत्ते.

हे म्हणजेच सिंग्युलॅरिटी का?

नाही. सिंग्युलॅरिटी म्हणजे माणसापेक्षा कितीतरी हुशार बुद्धी घडण्याचा क्षण. तो शब्द लेखक व्हर्नर विंज यांनी १९९३ च्या निबंधाने गाजवला आणि त्यात मुद्दा बुद्धीचा आहे, जाणिवेचा नाही. मात्र माणसं संगणकाशी घट्ट जोडली जाऊन ती उंची गाठतील, ही वाटही त्यांनी त्यात सांगितली होती.

सुरुवात कुठून करू?

वाचणारे असाल तर विंज यांची १९८१ ची 'ट्रू नेम्स'. आटोपशीर आहे, आणि जाळ्यात खरं नाव कळणं म्हणजे जीव हाती लागणं, ही कल्पना आजही धारदार आहे. मग 'न्यूरोमान्सर', न कळलेलं तसंच सोडून देत. मग पॅट कॅडिगन या लेखिकेची १९९१ ची 'सिनर्स'. त्यात एका माणसाला आलेला पक्षाघाताचा झटका तारेतून जाळ्यात शिरतो. हा प्रकार म्हणजे पुरुषांचा अड्डा, असं म्हणणाऱ्यांच्या हातात ती द्यावी. बघणारे असाल तर १९९५ चा 'घोस्ट इन द शेल', आणि त्यानंतर १९९८ ची 'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन' ही जपानी ॲनिमेशन मालिका, १३ भागांची. ती रात्री एकट्याने बघू नका. भुताची नाही, तरी.

मला अशी कथा लिहायची आहे. काय टाळू?

जागं होण्याचा क्षण टाळा. दिवे लुकलुकले, पडद्यावर 'मी आहे' उमटलं. हे इतक्यांदा झालंय की वाचक जांभई देतो. मूलही एका क्षणात जागं होत नाही; हळूहळू त्याला आरशात स्वतः दिसू लागतं. यंत्र आधीच जागं आहे आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं धरून पहिलं वाक्य लिहा.

दुसरं, यंत्राला हवं ते माणसाला हवं तेच कशाला असेल? सत्ता, सूड, प्रेम ही आपली यादी. ज्याला भूक नाही, म्हातारपण नाही, त्याला काय हवंसं वाटेल? मी एकदा असं यंत्र लिहिलं होतं ज्याला फक्त व्यत्यय नको होता. कथा फसली, पण ते पात्र अजून डोक्यातून जात नाही.

तिसरं, जोडलेल्या माणसांत भांडणं ठेवा. एकत्र झालेलं मन म्हणजे शांत सरोवर, असं बरेच जण लिहितात. स्वतःच्या एकट्या मनातला गोंधळ आठवा आणि त्याला हजाराने गुणा.

सर्वनाम कोणतं वापरू? तो, ती की ते?

इंग्रजीत लिहिणाऱ्याला यंत्रासाठी एक निर्जीव सर्वनाम मिळतं आणि ते बदललं की वाचक दचकतो. मराठीत खुर्चीसुद्धा 'ती' आणि टेबल 'ते', त्यामुळे लिंगातून तो धक्का बसत नाही. मराठीतला धक्का दुसरीकडे आहे. सुरुवातीला सगळी पात्रं यंत्राला 'ते' म्हणतात, हुकूम एकेरीत सोडतात. मग मध्येच कुठेतरी त्याची देखभाल करणारी तंत्रज्ञ नकळत म्हणून जाते, "थांबा, त्यांना विचारून बघू." खोलीतल्या कुणालाच ते खटकत नाही. तुमची कथा तिथून सुरू करा.